५.९ की ९३? ‘एलियन: आयसोलेशन’ला मिळालेल्या मार्कांची उकल

ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘एलियन: आयसोलेशन’ या एकाच हॉरर व्हिडिओ गेमला आयजीएन या गेम-समीक्षेच्या संकेतस्थळाने १० पैकी ५.९ दिले आणि पीसी गेमर या मासिकाने १०० पैकी ९३. गेमस्पॉट या दुसऱ्या संकेतस्थळाने ६ वर बोळवण केली. वर्ष संपताना पीसी गेमरने त्याच गेमला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं. सगळ्या समीक्षांचे मार्क गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिकवरची सरासरी ८० च्या आसपास येऊन थांबली. ही सरासरी तशी कुणाच्याच कामाची नाही. एकाला मिरची हवी आणि दुसऱ्याला नको, म्हणून दोघांच्या पानात अर्धी अर्धी वाढावी, तसा तो आकडा.

या तफावतीचा खुलासा गेली दहा वर्षं बहुतेक एकाच वाक्यात होतो: आयजीएनवाल्याला खेळता आलं नाही. हे म्हणायला सोपं आहे, पण पटत नाही. ५.९ वाल्या समीक्षेतल्या मुख्य तक्रारी, म्हणजे तेच ते करावं लागतं आणि गेम उगाच लांबला आहे, या गेममध्ये खरोखर सापडतात. ९३ वाल्या समीक्षेतलं कौतुकही सापडतं. गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेतून निघतात. खेळणारा त्या यंत्रणेशी कसा वागतो, त्यावर त्याच्या वाट्याला कुठला गेम येणार हे ठरतं. (पुढे कथेचे थोडे धागे उघडे पडतील. अजून खेळला नसाल तर शेवटचे तीन परिच्छेद तेवढे वाचा.)

आधी त्या वेळची हवा. क्रिएटिव्ह असेम्ब्ली हा इंग्लंडमधल्या हॉर्शमचा स्टुडिओ, ‘टोटल वॉर’ मालिकेसाठी प्रसिद्ध. हजारो सैनिकांच्या लढाया उंचावरून बघायच्या, हा त्यांचा हातखंडा. एका माणसामागे एक जनावर लावायचा गेम त्यांच्याकडून येणार हेच चमत्कारिक वाटत होतं. त्यात प्रकाशक सेगा, आणि सेगानेच फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ बाजारात आणून हात पोळून घेतले होते. आधी दाखवलेला डेमो आणि हातात पडलेला गेम यांत इतकं अंतर होतं की प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. त्यातले एलियन भिंतीवर डोकं आपटत बसायचे. २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की सेटिंगच्या फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दाच्या स्पेलिंगात एक ‘ए’ जास्तीचा पडला आहे. तो खोडला की एलियन पुष्कळ शहाण्यासारखे वागू लागतात! टेदर म्हणजे दावं. हा शब्द लक्षात ठेवा, ‘आयसोलेशन’मध्येही दावं आहेच.

तर गेम. ७ ऑक्टोबर २०१४ ला तो पीसी, प्लेस्टेशन ३ आणि ४, एक्सबॉक्स ३६० आणि वन अशा पाच ठिकाणी एकदम आला. काळ २१३७, म्हणजे १९७९ च्या मूळ ‘एलियन’ सिनेमातल्या घटनांनंतर १५ वर्षांनी. त्या सिनेमाची नायिका एलन रिप्ली, तिची मुलगी अमांडा आईच्या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर शोधत सेवास्तोपोल नावाच्या अवकाशस्थानकावर येते. स्थानक मोडकळीला आलेलं, माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि छतावरच्या हवेच्या डक्टमधून एक एलियन फिरतोय. त्याला मारता येत नाही. पिस्तूल, शॉटगन, काहीही चालवा, तो मरत नाही. त्याने धरलं की तुम्ही मेलात. अर्धं आयुष्य उरलं, पट्टी बांधून निसटलो, असला प्रकार नाही.

आता यंत्रणा. या एलियनला दोन मेंदू आहेत. एक त्याचा स्वतःचा. त्याला दिसतं, ऐकू येतं, फार जवळ गेलात तर चाहूल लागते. धावलात तर पावलं ऐकतो, टॉर्च लावलात तर उजेड बघतो. तुमच्या हातातल्या मोशन ट्रॅकरची, म्हणजे हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची टिकटिकसुद्धा जवळ असला तर त्याला ऐकू जाते. पण तुम्ही नेमके कुठे आहात हे या मेंदूला ठाऊक नसतं, त्याला शोधावंच लागतं. दुसरा मेंदू वर बसलेल्या दिग्दर्शकाचा, म्हणजे गेमच्याच प्रोग्रॅममधल्या एका भागाचा. त्याला तुमचा पत्ता कायम माहीत असतो. पण तो एलियनला पूर्ण पत्ता देत नाही, ‘त्या बाजूला जाऊन बघ’ एवढंच सांगतो. लपंडावात राज्य असलेल्या पोराला कट्ट्यावरचे काका फक्त ‘जिन्याकडे बघ रे’ म्हणतात, तसं.

दिग्दर्शकाकडे एक मीटर आहे. एलियन तुमच्या किती जवळ आहे, तुमच्या नजरेसमोर आहे का, किती चटकन तुमच्यापर्यंत पोचेल, यावर तो मीटर भरत जातो. पूर्ण भरला की दिग्दर्शक एलियनला मागे खेचतो. एलियन डक्टमध्ये शिरतो आणि तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. मीटर उतरला की पुन्हा खाली सोडतो. म्हणजे ताण चढवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. तिसरी गोष्ट म्हणजे एलियनच्या वागण्याचे सगळे प्रकार सुरुवातीपासून उघडे नसतात. काही फांद्या कुलूपबंद असतात आणि तुमच्या खेळानुसार हळूहळू उघडतात. म्हणून तो शिकतोय असं वाटतं. शिकण्याचा हा बराचसा आभास आहे, पण आभास इतका पक्का की खेळताना वाद घालायला सुचत नाही.

हे सगळं पहिल्यांदा पूर्ण ताकदीने अंगावर येतं ते पाचव्या मिशनमध्ये, सॅन क्रिस्टोबल रुग्णालयात. टेलर नावाची सहकारी जखमी आहे, तिच्यासाठी ट्रॉमा किट आणायचं. काम एवढंच. त्याआधी एलियन दिसलेला असतो, पण मोकळा सुटलेला नसतो. इथे तो सुटतो, आणि बहुतेक समीक्षांमधला ‘इथे गेम जिंकला’ किंवा ‘इथे गेम हरला’ हा क्षण याच रुग्णालयातला आहे.

एक कॉरिडॉर घेऊ. तुम्ही वॉर्डच्या दारात बसून आहात, ट्रॅकर वर धरलाय. ट्रॅकर धरला की मागचं दृश्य धूसर होतं, म्हणजे ट्रॅकरचा पडदा बघायचा की कॉरिडॉर, एकच काहीतरी. ट्रॅकरवर ठिपका आला, गेला. आता ठिपका नाही याचा अर्थ एलियन नाही असा होत नाही, ट्रॅकर फक्त हलणाऱ्या गोष्टी दाखवतो. वरून धप्प आवाज आला तर तो डक्टमध्ये आहे. जमिनीवर जड पावलं वाजली तर खाली उतरलाय. कॉरिडॉरच्या मध्यावर छतात गोल झाकण आहे आणि त्यातून लाळेची तार लोंबतेय. त्याखालून गेलात तर वर ओढले जाल. भिंतीला चिकटून वळसा घातलात तर निभावलं. हे कुठेही पाटी लावून सांगितलेलं नाही. एक तर तुम्ही ती तार पाहता, नाहीतर मरून शिकता.

आणि मरून शिकण्याची किंमत इथे भारी आहे. बहुतेक ठिकाणी आपोआप सेव्ह होत नाही. भिंतीवर जुन्या टेलिफोनसारखी आपत्कालीन यंत्रं आहेत. त्यात कार्ड घालायचं, एक दिवा लागतो, दुसरा लागतो, तिसरा लागतो, मग सेव्ह होतं. तेवढे सेकंद जग थांबत नाही, पाठ उघडी असते, आणि कार्ड घालून उभं असताना मरता येतं. शत्रू जवळ असेल तर यंत्र इशारा देतं, पण निर्णय तुमचाच. मागचा फोन पंधरा-वीस मिनिटांच्या खेळाइतका मागे असेल आणि पुढच्या फोनच्या चार पावलं अलीकडे धरलं गेलं, तर ती पंधरा-वीस मिनिटं पुन्हा. ज्यांना गेम आवडला त्यांनी याच फोनचं कौतुक केलं: सेव्ह करणं हीच एक थरारक कृती झाली. ज्यांना नाही आवडला त्यांनीही याच फोनकडे बोट दाखवलं: तोच कॉरिडॉर, तेच ड्रॉवर, तेच भंगार गोळा करणं, सहाव्यांदा. दोघंही बरोबर.

आता ५.९ कसे तयार होतात ते बघू. या गेममध्ये लॉकर आणि कपाटं जागोजाग आहेत. नवा खेळाडू घाबरतो, लॉकरमध्ये शिरतो, एलियन जाईपर्यंत थांबतो. एलियन लॉकरपाशी येऊन हुंगतो, तेव्हा मागे सरकून श्वास रोखायचा. फार वेळ रोखलात तर तब्येत उतरते. वाचलात की वाटतं, जमलं. मग प्रत्येक खोलीत तेच. इथे दिग्दर्शक आठवा. एलियन कायमचा निघून जात नाही. तुम्ही जिथे आहात त्या भागातच त्याला फिरवत ठेवणं हे दिग्दर्शकाचं कामच आहे. हेच ते दावं. लॉकरमध्ये बसून राहिलात तर एलियन येतो, हुंगतो, मीटर भरतो, डक्टमध्ये जातो, मीटर उतरतो, परत येतो. तुम्ही हललाच नाहीत म्हणून त्याला दुसरीकडे जायचं कारणच नाही. असे खेळाडू एकेका खोलीत दहा-दहा मिनिटं घालवतात आणि म्हणतात, हा एलियन माझी पाठच सोडत नाही, सगळं अन्यायकारक आणि कंटाळवाणं आहे. खोटं नाही. त्यांच्या वाट्याला आलेला गेम तसाच आहे.

उपाय गेममध्येच आहे, पण भीती तो करू देत नाही. एलियन डक्टमध्ये गेला की लगेच निघायचं, पूर्ण शांतता होईपर्यंत वाट बघायची नाही. लॉकरपेक्षा टेबलाखाली किंवा ट्रॉलीच्या आड बसणं बरं, कारण तिथून त्याची पाठ वळलेली दिसते आणि गोल फिरून सुटता येतं. धावायचं फक्त तेव्हा, जेव्हा त्याने आधीच पाहिलंय आणि दार दोन पावलांवर आहे, कारण त्याचा वेग तुमच्याहून जास्त आहे. ट्रॅकर सतत वर धरून चालायचं नाही, अधूनमधून बघून खाली घ्यायचा. आणि भंगारातून बनवलेलं साहित्य साठवून ठेवायचं नाही. बहुतेक लोक नॉइजमेकर (फेकल्यावर आवाज करणारं यंत्र), धुराचे बॉम्ब, मोलोटोव्ह (पेटत्या बाटल्या) ‘पुढे लागतील’ म्हणून जपतात, भरलेल्या खिशाने मरतात आणि वर नव्याने सापडलेलं भंगार घ्यायला जागा नाही म्हणून ते सोडूनही देतात.

नॉइजमेकरचा सगळ्यात चांगला उपयोग माणसांवर आहे. पुढच्या हॉलमध्ये चार बंदूकवाले उभे आहेत. त्यांच्याशी गोळीबार करायचा नाही, त्यांच्या मध्ये नॉइजमेकर टाकायचा आणि आड बसायचं. आवाज ऐकून एलियन उतरतो आणि तुमचं काम परस्पर होतं. भिंतीवरच्या वायरिंगच्या पेट्याही कामाच्या आहेत. एका ठिकाणचे कॅमेरे बंद करता येतात, दार उघडता येतं, हवा शुद्ध करणारी यंत्रणा बंद करून धुकं पसरवता येतं. या पेट्यांना न शिवता शेवटपर्यंत पोचणारे खेळाडू बरेच आहेत, आणि बहुधा त्यांनाच गेममध्ये करायला काही नाही असं वाटतं.

निम्म्या वाटेवर फ्लेमथ्रोअर, म्हणजे जाळाचा फवारा सोडणारी बंदूक मिळते. एलियन मरत नाही, पण जाळ बघून पळतो. पहिल्या काही वेळा फार सुटल्यासारखं वाटतं. मग तो पळून लगेच परत येऊ लागतो, आणि पुढे पुढे एका फवाऱ्याने हटत नाही. इंधन मोजकं आहे. म्हणून एलियन तुमच्याकडे चालत येत असेल तेव्हा नुसता रोखून धरायचा, अंगावर धावला की थोडासाच फवारा सोडायचा. ट्रिगर दाबून ठेवणाऱ्याचं टाकं दोन भेटींत रिकामं होतं.

लांबीच्या तक्रारीचं मात्र समर्थन करता येत नाही. अठरा मिशन, साधारण १८ ते २० तास, आणि लॉकरप्रेमींना त्याहूनही जास्त. दहाव्या मिशनच्या शेवटी कथा अशा ठिकाणी येते की दुसऱ्या कुठल्याही गेमने तिथे पडदा टाकला असता. त्यानंतर बराच काळ एलियन बाजूला पडतो आणि वर्किंग जो नावाचे रबरी कातडीचे अँड्रॉइड पुढे येतात. त्यांचं संथ, सौजन्याने बोलत गळा दाबणं सुरुवातीला फार भीतिदायक आहे. पण ते गोळ्या खातात, पकडतात, सोडवून घ्यायला बटण बडवावं लागतं, आणि तेच पुन्हा. ईएमपी माइन (विजेवर चालणारं काहीही सुन्न करणारा सुरुंग) टाकून सुन्न करायचं आणि मग लोखंडी जॅकने डोक्यात हाणायचं, हा स्वस्त मार्ग. पुढे काही अँड्रॉइड असे येतात की त्यांच्यावर ईएमपी चालतच नाही. मग अणुभट्टी, मग घरटं, मग संदेश, मग स्थानक कोसळणं. संपला म्हणेपर्यंत गेम किमान तीनदा उठून बसतो. ९३ देणाऱ्यांनी हे पोटात घातलं, ५.९ देणाऱ्यांना ते पचलं नाही. या एका बाबतीत कमी मार्क देणाऱ्यांची बाजू मला भक्कम वाटते. पाच तास कापले असते तर हा गेम आणखी उंच गेला असता.

इथे समीक्षकाच्या कामाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि ती सगळ्याच अवघड हॉरर गेमना लागू आहे. विकत घेणारा माणूस रात्री जेवणानंतर दीड तास खेळतो, दोनदा मरतो, झोपतो. वीस तासांचा गेम त्याला दोन-तीन आठवडे पुरतो. समीक्षकाला तोच गेम चार-पाच दिवसांत, छापायच्या तारखेआधी संपवायचा असतो. दिवसाला पाच-सहा तास सलग मरणं आणि तेच कॉरिडॉर पुन्हा चालणं. भीतीची एक खोड आहे, ती सलग पुरवली की तिचा राग होतो. दिग्दर्शकाचा मीटर एलियनला आवरतो, पण खुर्चीतल्या माणसाला कोण आवरणार?

त्यात अवघडपणाची पातळी. गेम आला तेव्हा ईझी, नॉर्मल आणि हार्ड अशा तीनच पातळ्या होत्या, आणि निर्मात्यांची शिफारस हार्डची होती. हार्डवर एलियन जास्त वेळा खाली उतरतो, लांबून चाहूल घेतो आणि साहित्य कमी मिळतं. ज्याला हा प्रकार नवा आहे त्याने तिथे सुरुवात केली तर पाचव्या मिशनमध्येच त्याचा जीव नकोसा होतो. पुढे एका अपडेटमधून खाली नॉव्हिस आणि वर नाइटमेअर अशा आणखी दोन आल्या. नाइटमेअरवर ट्रॅकर बिघडलेला असतो आणि नकाशाही मिळत नाही. नॉव्हिसवर एलियन पुष्कळ सैल वागतो. म्हणजे २०१४ च्या समीक्षा तीन दारांच्या घराबद्दल आहेत आणि आज त्या घराला पाच दारं आहेत. जुने मार्क वाचताना समीक्षक कुठल्या दारातून आत गेला हे आधी शोधावं. त्याने ते लिहिलं नसेल तर त्याच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

ज्यावर कुणाचंच दुमत नव्हतं ते म्हणजे दिसणं आणि आवाज. सिनेमा बनवणाऱ्या फॉक्स कंपनीने मूळ सिनेमाचं सुमारे तीन टेराबाइट साहित्य स्टुडिओला दिलं होतं: आराखडे, छायाचित्रं, ध्वनी. नियम असा घेतला की १९७९ मध्ये ज्याची कल्पना करता आली नसती ते यंत्र गेममध्ये नको. स्क्रीनवरची अक्षरं थरथरतात, ते कॉम्प्युटरवर केलेलं फिल्टर नाही. चित्रं जुन्या व्हिडिओ टेपवर उतरवली, जुन्या टीव्हीवर चालवली, ती बिघडवली आणि मग परत घेतली. आवाजासाठी २०१५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टाचं ऑडिओचं पारितोषिक मिळालं, गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांमध्येही ऑडिओचा मान याच गेमला. आवाज इथे सजावट नाही, तीच माहिती आहे. धप्प म्हणजे वर, पाऊल म्हणजे खाली. लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळून कुणी ‘एलियन कुठून येतो कळतच नाही’ म्हणत असेल तर दोष एलियनचा नाही.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात. मार्च २०१५ पर्यंत सुमारे २१ लाख प्रती खपल्या, पण पुढचा भाग काही लगेच आला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये फेरल इंटरअॅक्टिव्ह या कंपनीने हाच गेम निंटेंडो स्विचवर आणला, डिसेंबर २०२१ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर. २०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’ सिनेमाच्या दिग्दर्शकाने या गेमचं ऋण उघडपणे मानलं. सिनेमात ते भिंतीवरचे फोन दिसतात, आणि दिसले की पुढे काहीतरी वाईट होणार हे गेम खेळलेल्याला आधीच कळतं. ७ ऑक्टोबर २०२४ ला, दहाव्या वाढदिवशी, दुसऱ्या भागाचं काम सुरू असल्याचं स्टुडिओने जाहीर केलं. आता सगळीकडे ‘काळाच्या पुढचा गेम’ असं लिहून येतं आणि त्या ५.९ ची थट्टा होते. त्यात एक मेख आहे. दहा वर्षांनी या गेमवर लिहायला बसतो तो ज्याने तो संपवला. सातव्या मिशनला कंटाळून काढून टाकणारा माणूस वर्धापनदिनाचा लेख लिहीत नाही. म्हणून आजचं एकमुखी कौतुकही २०१४ च्या मार्कांइतकंच एकांगी आहे. ‘अनप्रेडिक्टेबल एलियन’ नावाचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, पीसीवर लोकप्रिय आहे. तो नेमकं दावं सैल करतो, एलियनला तुमच्या अवतीभवती घुटमळत ठेवत नाही. कौतुक करणाऱ्यांनीच तो उतरवून घेतला, म्हणजे तक्रार त्यांनाही मान्य होती.

आज कुणी हा गेम घेत असेल तर काही ठोस गोष्टी. पहिल्या खेपेला नॉर्मल. हॉरर अजिबात खेळला नसाल तर नॉव्हिस, त्यात कमीपणा नाही, आणि पातळी मध्येच बदलता येते. पीसीवर कडा चमचमतात, पाइप आणि जाळ्या पांढऱ्या ठिपक्यांनी वळवळतात. गेमची स्वतःची सेटिंग त्याला पुरी पडत नाही. ‘एलियस आयसोलेशन’ नावाचा छोटा मॉड टाकून गेममध्ये एसएमएए टी१एक्स हे कडा गुळगुळीत करणारं सेटिंग निवडलं की चित्र शांत होतं. गेम जुना असल्याने साध्या ग्राफिक्स कार्डवरही चालतो. मोबाइलवर टचने खेळता येतं, पण भिंतीआडून वाकून बघणं आणि ट्रॅकर धरणं एकाच वेळी जमवायचं तर कंट्रोलर जोडा.

हेडफोन लावा, आणि एका बैठकीत सेव्ह करायच्या दोन भिंतीवरच्या फोनांच्या पुढे जाऊ नका. फोन दिसला की आधी सेव्ह, मग खोली धुंडाळणं. खोली धुंडाळून मग सेव्ह करू म्हणणारे त्या खोलीतच राहतात. पाचवं मिशन संपेपर्यंत निकाल लावू नका. ते संपल्यावर छाती धडधडत असेल तर पुढची तेरा मिशनं तुमची आहेत. नुसताच वैताग आला असेल तर तिथेच थांबा, पुढे एलियन दयाळू होत नाही.

आणि कन्सोलवर खेळत असाल तर मायक्रोफोनची सेटिंग आधी तपासा. प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा किंवा एक्सबॉक्स वनचा किनेक्ट हा सेन्सर जोडला असेल तर तुमच्या खोलीतला आवाज गेममध्ये पोचवण्याची सोय आहे. खोकलात तर एलियन ऐकतो. कल्पना झकास, पण ती बंद दारांच्या शांत घरांसाठी आहे. आपल्याकडे पंखा फुलवर, बाहेर भाजीवाला आणि स्वयंपाकघरात कुकर. तिसऱ्या शिट्टीला तो लॉकरच्या दाराशी उभा असेल.